दुखण्याची साक्ष

‘डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो.’ न्यायशास्त्रातले हे उदाहरण मी बेळगावच्या एका महाविद्यालयात जवळजवळ तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. खाली खडूने डोंगराचे वेडेवाकडे चित्र आणि त्यावर धुराची रेघ. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारी, ‘सर, जवळ जाऊन बघितलं तर?’ वर्ग हसे. मीही हसून म्हणे, ‘अरे, जवळ जाता येत नाही म्हणून तर अनुमान करायचं!’

ज्याच्या जवळ कोणालाच जाता येत नाही, अशी एक गोष्ट माझ्या घरातच होती. ती म्हणजे माझ्या मुलीचे दुखणे. ते मला फार उशिरा कळले. आज या वयात त्याविषयी लिहायचे ठरवले आहे, ते कोणाला उपदेश करण्यासाठी नव्हे. आयुष्यभर ‘प्रमाण’ या विषयावर व्याख्याने देणारा माणूस घरात त्याच विषयात कसा नापास झाला, एवढेच सांगायचे आहे.

१९९८ साली मुलगी तेरा वर्षांची होती. दर महिन्याला दोन-तीन दिवस ती पोट धरून पडून राही. ओकाऱ्या होत, पाय गळून जात, शाळा बुडे. शाळेला चिठ्ठी द्यायची ती मी. ‘ताप आल्यामुळे काल शाळेत येऊ शकली नाही,’ असे मी लिहीत असे. खरे कारण बापाने मुख्याध्यापकांना कसे कळवायचे? घरातही आम्ही पाळी हा शब्द उच्चारत नव्हतो. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’ एवढ्यावर भागत असे. शेजारच्या आक्का कानडीत म्हणत, ‘एल्लारिगू आगतैत्री’. सगळ्यांनाच होतं हो! आमची ही म्हणे, ‘मला काय होत नव्हतं? मी कुणाला सांगितलं?’ डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या आणि लग्न झाले की थांबेल, असे सांगितले.

आणि मी? मी तर तर्कशास्त्राचा माणूस. सकाळी तळमळणारी मुलगी संध्याकाळी टीव्हीपुढे बसून हसली, हे मी पाहिले. गणिताच्या चाचणीच्या दिवशी नेमके दुखू लागले, हेही टिपून ठेवले. शाळेच्या सहलीच्या दिवशीही दुखले होते आणि ती रडत घरी राहिली होती, हे मात्र मी हिशेबात धरले नाही. दुखत असेल, पण सांगते तेवढे नसेल, असा निष्कर्ष मी काढला. एकदा तिच्यादेखत बोललोही, ‘माणसानं थोडं सोसायला शिकावं.’ त्यानंतर तिने या विषयावर माझ्याशी बोलणे सोडले. मी समजलो की तिचे दुखणे कमी झाले.

२००९ साली, ती नोकरीसाठी पुण्यात असताना, तिच्या पोटाची दुर्बिणीतून तपासणी झाली. डॉक्टरांनी आम्हाला फोटो दाखवले. ओटीपोटात काळसर-निळसर ठिपके होते आणि एक अंडाशय आजूबाजूच्या भागाला चिकटून गेले होते. रोगाचे नाव एंडोमेट्रिओसिस. तो कागद हातात घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि माझे डोळे भरून आले. संध्याकाळी तिला भेटलो तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, आता खरं वाटलं ना तुम्हाला?’ तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

अकरा वर्षे ती सांगत होती ते मला पटले नव्हते, आणि कागदाने सांगितले ते एका दुपारी पटले. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. दुसऱ्याच्या वेदनेवर विश्वास ठेवण्यासाठी पुरावा मागण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ज्यांच्या घरात तो आहे त्यांनाही पुष्कळदा त्याचे नाव ठाऊक नसते. गर्भाशयाला आतून जे अस्तर असते, त्याच्यासारखी ऊती या रोगात गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर वाढते. तिथे दाह होतो, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. अमेरिकेतले डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असे मांडले, की पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलट पोटात उतरते आणि त्याबरोबर गेलेल्या पेशी तिथे रुजतात. परंतु असे रक्त बहुतेक स्त्रियांत थोडेबहुत उलट जातेच, रोग मात्र काहींनाच होतो. म्हणजे ते स्पष्टीकरण पुरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातल्या दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीला, जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना, हा रोग आहे. त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत चार ते बारा वर्षे सहज जातात. म्हणजे आमच्या घरातली अकरा वर्षे जगावेगळी नव्हती. याने माझे समाधान होत नाही. उलट माझ्यासारखे बाप किती असतील, याचाच तो हिशेब वाटतो.

या रोगाची आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. शल्यचिकित्सक त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिली सर्वांत सौम्य, चौथी सर्वांत गंभीर. पण पायरीचा आणि दुखण्याचा मेळ बसत नाही. चौथ्या पायरीच्या एखाद्या बाईला काहीच जाणवत नाही, आणि दोनचार ठिपके असलेली एखादी दर महिन्याला लोळण घेते. डोळ्यांना दिसणारा रोग आणि सोसले जाणारे दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शरीर स्वतःच सांगते. त्या दुपारी फोटो पाहून मी रडलो, ते ठिपके पुष्कळ होते म्हणून. ते दोनच असते तर? तर कदाचित घरी येऊन मी म्हणालो असतो, ‘एवढ्याशासाठी एवढं?’

बरीच वर्षे या रोगाचे खात्रीचे निदान म्हणजे भूल देऊन, पोटाला छिद्र पाडून, दुर्बीण आत घालणे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला त्यासाठी कोण टेबलावर घेणार? म्हणून सोपी खूण शोधण्याची शास्त्रज्ञांची खटपट चालू राहिली. २००६ साली ऑस्ट्रेलियात, सिडनी विद्यापीठातल्या नात्सुको तोकुशिगे, इयान फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. गर्भाशयाच्या अस्तराचे दोन थर असतात. खालचा टिकून राहणारा, वरचा दर महिन्याला गळून जाणारा. या वरच्या थरात, रोग असलेल्या स्त्रियांमध्ये, अगदी बारीक चेतातंतू दिसले. बोलताना आपण ज्यांना मज्जातंतू म्हणतो, तेच. रोग नसलेल्या स्त्रियांच्या त्याच थरात ते दिसले नाहीत. चेतापेशींत असणारे पीजीपी ९.५ नावाचे एक प्रथिन रंगवून हे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. अस्तराचा तुकडा बारीक नळीने, पोट न उघडता, काढता येतो.

२००९ साली, म्हणजे आमच्या मुलीची तपासणी झाली त्याच वर्षी, त्याच गटाने ९९ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तुकडा पाहणाऱ्याला दुर्बिणीत काय दिसले ते ठाऊक नव्हते, आणि दुर्बीण धरणाऱ्याला तुकड्यात काय सापडले ते ठाऊक नव्हते. रोग असलेल्या स्त्रियांपैकी फक्त एकीत तंतू सापडले नाहीत. सहा स्त्रियांत तंतू सापडले, पण दुर्बिणीला सक्रिय रोग दिसला नाही. खूण रोग ओळखण्यात शंभरात ९८ वेळा आणि निरोगी ओळखण्यात शंभरात ८३ वेळा बरोबर ठरली.

हे मी दोनतीन वर्षांनी वाचले आणि हरखून गेलो. माझ्या डोंगराला धूर सापडला, असे मला वाटले. मुलगी दिवाळीला घरी आली होती. मी तिला उत्साहाने सगळे समजावून सांगितले. म्हटले, ‘तुझ्या वेळी ही परीक्षा असती तर तुला अकरा वर्षं कुणाची विनवणी करावी लागली नसती. एक तुकडा काढला, तंतू दिसले, संपलं. पुढे कुणी अविश्वास दाखवायचा नाही!’

ती फराळाची ताटे लावत होती. हातातले काम न थांबवता तिने विचारले, ‘आणि बाबा, तंतू नसते दिसले तर?’

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला उत्तर सुचले नाही.

खरे म्हणजे याचे उत्तर आमच्याच शास्त्रात होते आणि मी ते दरवर्षी शिकवत होतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे धूर नाही तिथे अग्नी नाही, हे बरोबर नाही. त्याला नैयायिक उदाहरण देतात तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचे. लालभडक गोळा, आत अग्नी भरलेला, आणि धुराची एक रेघ नाही. ओले जळण असेल तर धूर येतो, सुक्या लोखंडातून कुठून येणार? त्या ९९ स्त्रियांमधली ती एकटी, जिच्यात रोग होता पण तंतू नव्हते, ती हा तापलेला गोळा. तिला जर कोणी म्हणाले असते, ‘बाई, तपासणीत काही नाही, तुम्ही उगाच घाबरता,’ तर? माझी मुलगी ती एकटी असती तर?

त्या सहाजणींचे काय? शास्त्राच्या भाषेत अशा निकालाला खोटा होकार म्हणतात. लांबून धुके पाहून धूर समजावा, तसा तो प्रकार. परंतु मला त्या सहाजणींविषयी वेगळेच वाटत राहते. अभ्यासात घेतलेल्या स्त्रिया रस्त्यावरून उचलून आणलेल्या नव्हत्या. ओटीपोटात दुखते किंवा मूल होत नाही, या तक्रारी घेऊनच त्या आल्या होत्या. पुढे दुसऱ्या काही अभ्यासांत असेही दिसले, की हे तंतू या एका रोगाचीच मक्तेदारी नव्हेत. गर्भाशयाचे दुसरे विकार असून ज्यांना फार दुखते, त्यांच्यातही ते आढळतात. म्हणजे तंतूंचे नाते रोगाच्या नावापेक्षा दुखण्याशीच अधिक असावे. तसे असेल तर त्या सहाजणींपैकी एखादीचा निकाल रोगाच्या बाबतीत खोटा ठरला तरी तिचे दुखणे खरेच असू शकते.

पुढे या खुणेचे काय झाले, तेही सांगतो. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रयोगशाळांत निकाल सारखे आले नाहीत. काहींना रोग असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांत फरकच आढळला नाही. २०१६ साली कॉक्रन या संस्थेने सगळे पुरावे एकत्र तपासले. पीजीपी ९.५ विषयी सात अभ्यास आणि ३६१ स्त्रिया मिळाल्या. सरासरी आकडे दिसायला चांगले होते, पण अभ्यासांत आपसांत फार तफावत होती. संशोधनाबाहेर, रोजच्या दवाखान्यात ही परीक्षा वापरू नये, असे त्यांनी सांगितले. २०२२ साली युरोपातल्या प्रजननशास्त्राच्या संस्थेनेही निदानासाठी अशा खुणा वापरू नयेत, असेच म्हटले. पण त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक गोष्ट आली. दुर्बीण हा आता निदानाचा एकमेव मानदंड नव्हे. स्त्रीची लक्षणे ऐकून, पोट न उघडता, उपचार सुरू करता येतात. आणि सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून रोग नाही, असे समजू नये. जगभर खुणा शोधून झाल्यावर वैद्यक पुन्हा रोग्याचे म्हणणे ऐकण्यापाशी आले, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

इथे एक न्याय्य आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. माणसे खोटे बोलतात. तीस वर्षांत पोटदुखीची सबब सांगून परीक्षा चुकवणारी मुले मी पाहिली आहेत. शिवाय डॉक्टरने नुसत्या शब्दावर सुरी चालवायची काय? गर्भाशय काढायचे, संप्रेरकांच्या गोळ्या वर्षानुवर्षे द्यायच्या, तर कारण नक्की नको? दुखणे आतड्याचे असेल, मूत्राशयाचे असेल, दुसरेच काही असेल. जो डॉक्टर पुरावा मागतो तो निर्दयच असतो असे नाही. पुष्कळदा तो अधिक जबाबदार असतो.

हे सर्व मला मान्य आहे. पण इथे दोन प्रश्नांची गल्लत होते, आणि माझ्या हातून तीच झाली. ‘हिला दुखते काय?’ हा एक प्रश्न. ‘कशाने दुखते?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला अनुमानच पाहिजे. तिथे तंतू मोजा, रक्त तपासा, दुर्बीण घाला, एकमेकांच्या चुका काढा. तिथे मुलीच्या शब्दाने काम भागणार नाही, कारण तिलाही ते कारण दिसत नाही. पहिल्या प्रश्नाचे तसे नाही. नैयायिक दुःखाला आत्म्याचा गुण म्हणतात आणि तो ज्याचा त्याच्याच मनाला प्रत्यक्ष होतो असे मानतात. आपली आजी हेच सोप्या शब्दांत सांगे, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकीच्यांसाठी तिथे पोहोचण्याची वाट म्हणजे तिचा शब्द. चेहरा, वागणे यांवरून थोडे ओळखता येते खरे. पण संध्याकाळी टीव्हीपुढे हसणारी मुलगी पाहून मी काय ओळखले, ते वर सांगितलेच आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली जुनी व्याख्या सुधारली तेव्हा एक टीप आवर्जून जोडली. माणूस जे वेदना म्हणून सांगतो त्याचा आदर केला पाहिजे, असा तिचा आशय आहे. रोगाचे नाव सापडल्यावर आदर करा, असे त्यात नाही.

खोटे बोलणाऱ्याचे काय, तर दोन चुकांचे मोल तराजूत घालून पाहावे. खोट्या पोटदुखीवर विश्वास ठेवला तर एका मुलाची एक चाचणी चुकते. खऱ्या पोटदुखीवर ठेवला नाही तर एका मुलीची अकरा वर्षे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे सांगून उपयोग नाही हे ती शिकते. या दोन चुका समान नाहीत. सुरी चालवायला पुरावा लागतो. गरम पाण्याची पिशवी द्यायला, शाळेतून रजा द्यायला, दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायला, जवळ बसायला लागत नाही. मी हे सगळे पुराव्यावर अडवून धरले होते.

न्यायशास्त्रात शब्द प्रमाण मानायचा तो आप्ताचा. आप्त म्हणजे जसे आहे तसे जाणणारा आणि जसे जाणले तसे सांगणारा. मराठीत मात्र आपण आप्त म्हणतो नातेवाइकाला. वर्गात मी हा फरक गंमत म्हणून सांगत असे. ‘तुमचे सगळे आप्त न्यायशास्त्रातले आप्त नसतात हं!’ मुले हसत. आता ती गंमत मला टोचते. माझी मुलगी दोन्ही अर्थांनी माझी आप्त होती आणि मी तिला एकाच अर्थाने धरले.

आणि मी स्वतः? ‘ताप आल्यामुळे’ अशा किती चिठ्ठ्या मी लिहिल्या असतील! त्या घरात जसे आहे तसे सांगणारी ती एकटीच होती. लेखी खोटे बोलत होतो तो मी, सहीनिशी. तिच्या दुखण्याचा पुरावा मागणाऱ्या बापाने तिच्या दुखण्याचा उपलब्ध असलेला एकमेव लेखी पुरावा दर महिन्याला स्वतःच्या हाताने पुसून टाकला. डॉक्टरांनी उद्या विचारले असते, ‘शाळा किती दिवस बुडाली, कशामुळे?’ तर शाळेच्या कागदांत तापाखेरीज काही सापडले नसते. शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली अस्तरातले तंतू रंगवून पाहिले. आपल्या घरांतून तर साधा शब्दसुद्धा झाकून ठेवायची रीत. मग बाहेर कोणी विश्वास ठेवीत नाही म्हणून कोणावर रागवायचे?

मला संशोधनाविषयी अनादर नाही. सोपी, स्वस्त, खात्रीची खूण उद्या सापडली तर मी पहिल्याने पेढे वाटीन. तिने लाखो मुलींचे निदान लवकर होईल. पण त्या खुणेला बोलणाऱ्या मुलीच्या वरची साक्षीदार करू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. खूण सापडली तर उपचाराची दिशा कळेल. नाही सापडली तर शोध चालू ठेवायचा. दोन्ही वेळा मुलीवरचा विश्वास तेवढाच असायला हवा.

मुलगी आता चाळिशीची आहे. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे बरी गेली. हा रोग पुन्हा डोके वर काढतो, तसा त्याने काढला आहे. मागच्या महिन्यात ती घरी आली होती. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाली, ‘बाबा, आज फार दुखतंय, मी जरा पडते.’ माझ्या तोंडात जुन्या सवयीने प्रश्न आला होता, ‘किती? कालपेक्षा जास्त?’ तो मी गिळला. पिशवीत गरम पाणी भरले आणि तिच्या खोलीत नेऊन दिले. तिच्या नोकरीच्या ठिकाणी दुसऱ्या दिवशीच्या रजेचा अर्ज पाठवायचा होता. ती म्हणाली, ‘तुम्हीच लिहा ना बाबा, मला बसवत नाही.’

कारणाच्या जागी मी ताप लिहिला नाही.